वहीतून ॲपकडे: टॅबलेट व फोनवर तयार केलेल्या प्रशिक्षणाच्या नोंदी

आमच्या भांडारातील साहित्याची आवक-जावक आजवर कागदी वहीत लिहिली जात होती. जुलैपासून ती फोनवरील ॲपमध्ये नोंदवायची आहे. ते ॲप वापरायला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी पडद्यावर दाखवायचे पाऊण तासाचे सादरीकरण आणि प्रत्येकाच्या फोनवर राहील अशी सचित्र पुस्तिका, अशा दोन गोष्टी तयार करायच्या आहेत. लॅपटॉप हाताशी नाही. एक टॅबलेट, त्याचे स्टायलस आणि एक अँड्रॉइड फोन एवढ्यावरच सगळे भागवायचे आहे. असेच काम अंगावर घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून मी रोजच्या रोज लिहून ठेवत आहे आणि वेळ कुठे वाया गेला तेही लपवत नाही.

३ जून

पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात ॲप उघडले आणि दिसेल त्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट घेत सुटले. अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबले की काम होते, त्यामुळे दोन तासांत ६१ चित्रे जमली. संध्याकाळी ती टॅबलेटवर मोठी करून पाहिली, तेव्हा त्यांतले एकही वापरण्याजोगे नाही हे ध्यानात आले. वरच्या पट्टीत बॅटरी एका चित्रात ८३ टक्के, पुढच्यात ८१ टक्के आणि मध्येच घेतलेल्या एका चित्रात ९० टक्के दिसत होती. घड्याळ पुढेमागे उडत होते. तीन चित्रांवर आलेल्या निरोपांच्या सूचना होत्या. शिकणाऱ्याचे लक्ष अशा ठिकाणी हमखास जाते आणि मुख्य बटण बाजूला राहते. त्याहून मोठी चूक म्हणजे मी खऱ्या नोंदी उघडून चित्रे घेतली होती, त्यामुळे सहकाऱ्यांची नावे आणि फोन क्रमांक त्यांत उघडे दिसत होते.

सगळी चित्रे बाजूला ठेवली. नष्ट मात्र केली नाहीत आणि त्याचा त्रास पुढे झाला. तो ११ जूनच्या नोंदीत लिहिला आहे.

वेळ: साडेतीन तास, जवळजवळ सगळा वाया.

५ जून

आज फोनला हात लावण्याआधी कागद घेतला. साहित्य आत घेणे, बाहेर देणे, परत घेणे आणि शिल्लक पाहणे या चार कामांचा एकेक टप्पा क्रमाने लिहून काढला आणि प्रत्येक टप्प्याला लागणारे चित्र ठरवले. संख्या ३४ भरली. प्रत्येकाला काम, टप्पा आणि आवृत्ती सांगणारे नाव दिले, उदाहरणार्थ ‘आवक-०३-आ१’. अँड्रॉइड फोन स्क्रीनशॉटला तारीख-वेळेचे नाव देतो. घेतल्या घेतल्या ते ठीक वाटते. आठवड्याने पाहिल्यावर त्यातून काहीच कळत नाही.

त्यानंतर फोनची तयारी केली. ‘फोनबद्दल’ या भागात बिल्ड क्रमांकावर सात वेळा टॅप केले की डेव्हलपर पर्याय खुले होतात. तिथे बऱ्याच फोनमध्ये सिस्टीम यूआयचा (फोनच्या स्वतःच्या पट्ट्या व मेनूंचा) डेमो मोड असतो. तो सुरू केला की वरच्या पट्टीत ठरावीक वेळ आणि पूर्ण भरलेली बॅटरी दिसते व सूचनांची चिन्हे नाहीशी होतात. सगळ्या कंपन्या तो ठेवत नाहीत. नसल्यास वरची पट्टी कापून टाकणे हाच सोपा मार्ग आहे. आयफोन वापरणाऱ्यांनी तो मॅकला केबलने जोडून त्यातील क्विकटाइम या व्हिडिओ ॲपमधून पाहिला, तर पट्टीत आपोआप ९:४१ ही वेळ येते. ही सोय २०१४ पासून आहे, पण आमच्याकडे मॅक नसल्याने मला तिचा उपयोग नव्हता.

सरावासाठी वेगळे खाते उघडून घेतले आणि त्यात ‘नमुना साहित्य १’, ‘नमुना कर्मचारी २’ अशा नोंदी भरल्या. यात सव्वा तास गेला, पण या कामातला सर्वांत कारणी लागलेला सव्वा तास तोच होता, असे मी आज ठामपणे म्हणू शकते.

दोन अडचणी आल्या. पहिली प्रवेशाच्या स्क्रीनची. तिथे स्क्रीनशॉट घ्यायला गेले की परवानगी नसल्याचा निरोप येई. स्क्रीन रेकॉर्डिंग करून पाहिले, तर त्या जागी नुसता काळा आयत उमटला. फोनमध्ये बिघाड आहे असे समजून मी फोन दोनदा बंद-चालू केला, साठवण मोकळी केली आणि दुसरे स्क्रीनशॉट ॲपही बसवून पाहिले. पाऊण तासाने कळले की बिघाड कसलाच नव्हता. अँड्रॉइडमध्ये एखादी स्क्रीन ‘सुरक्षित’ ठरवण्याची सोय ॲप बनवणाऱ्याच्या हाती असते, आणि पासवर्ड असलेल्या स्क्रीनला ती लावणे योग्यच आहे. दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढता आला असता, पण पळवाट काढून पासवर्डची स्क्रीन दाखवणे मला पटले नाही, शिवाय अशा फोटोत रेषांची जाळी उमटते. स्लाइडमध्ये दोन चौकटी आणि एक बटण काढून साधी आकृती केली. शिकवायला तेवढी पुरली.

दुसरी अडचण शिल्लक साहित्याच्या लांब यादीची. अँड्रॉइड १२ पासून स्क्रीनशॉट घेतल्यावर खालचा भाग जोडून घेण्याची सोय मिळते. ती वापरून पाच स्क्रीनइतके लांब चित्र तयार झाले आणि मला फार आनंद झाला. ते स्लाइडवर ठेवल्यावर उभ्या काडीसारखे दिसू लागले. शेवटी यादीचा वरचा भाग आणि बेरजेची ओळ एवढेच दोन तुकडे घेतले.

वेळ: पाच तास, त्यांतला दीड तास वाया.

८ जून

आज खुणा करायला बसले. आरंभी बोटाने गोल काढले. बोटाखाली नेमके तेच बटण झाकले जाते ज्याभोवती गोल काढायचा असतो, त्यामुळे दहांतले सात गोल सरकलेले निघाले. स्टायलसने हात सुधारला, पण हाताने काढलेला प्रत्येक गोल वेगळ्या आकाराचा होतो आणि ३४ चित्रे ओळीने पाहिली की ते खटकते. आयपॅडच्या मार्कअपमध्ये, म्हणजे चित्रावर खुणा करण्याच्या सोयीत, आकार काढून झाल्यावर पेन क्षणभर तसेच टेकवून ठेवले की वेडावाकडा गोल नीट होतो. इतरही काही ॲपमध्ये असे होते. तरीही मी तयार आकारच वापरायचे ठरवले: गोल कोपऱ्यांची चौकट, जाड बाण आणि आकड्याची टिकली. एका चित्रावर तीनपेक्षा अधिक खुणा करायच्या नाहीत, असेही ठरवले.

रंगाची चूक अशी झाली. मी सवयीने लाल बाण निवडला आणि ॲपमधले ‘रद्द करा’ हे बटणही लालच होते. बाण त्यात विरघळून गेला. शिवाय लाल आणि हिरवा हा फरक ज्यांना नीट दिसत नाही अशी माणसे कोणत्याही वर्गात असू शकतात, तेव्हा ‘लाल बाण पाहा, हिरवा सोडा’ असे सांगणेच चूक. बाण गडद निळा केला, त्याला पांढरी किनार दिली आणि प्रत्येक खुणेला आकडा दिला. आता बोलताना मी रंगाचे नाव घेतच नाही, फक्त आकडा सांगते.

खरा घोटाळा अक्षरांचा झाला. चित्रावर लिहिण्यासाठी घेतलेल्या ॲपमध्ये ‘क्लिक करा’ असे टाइप केले, तर पाय मोडलेला ‘क्’ सुटा आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली दिसली. देवनागरीत जोडाक्षरे जुळवण्याचे आणि वेलांटी अक्षराच्या आधी नेण्याचे काम फॉन्ट आणि ॲप मिळून करतात. ॲपने ते केले नाही तर फॉन्ट कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. मी तीन फॉन्ट बदलून पाहिले आणि तासभर घालवला.

त्यातून जो बदल केला त्याने पुढचे सगळे काम सोपे झाले. चित्रावर काहीही लिहायचे नाही. चित्र केवळ कापून घ्यायचे आणि बाण, आकडे, मजकूर हे सर्व स्लाइडमध्ये स्वतंत्र घटक म्हणून ठेवायचे. सादरीकरणाच्या ॲपमध्ये मराठी व्यवस्थित जुळते, शब्द चुकला तर बदलता येतो, बाण सरकवता येतो आणि मूळ चित्र कोरे राहते. आधी खुणा केलेली ११ चित्रे पुन्हा करावी लागली, कारण त्यांची कोरी प्रत मी ठेवली नव्हती. पाच तारखेला नावात ‘आवृत्ती’ लिहायची पद्धत घातली आणि तीन दिवसांत स्वतःच विसरले, याचे वाईट वाटले.

वेळ: सहा तास, त्यांतले अडीच वाया.

११ जून

आजची नोंद मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण इथली चूक दुसऱ्याला भोवते.

‘साहित्य परत घेणे’ या कामाची चार चित्रे सरावाच्या खात्यात नीट येत नव्हती, म्हणून ३ जूनच्या बाजूला ठेवलेल्या चित्रांतून ती उचलली आणि त्यांतील नावे व फोन क्रमांक काळ्या मार्करने चार-पाच वेळा गिरवून झाकले. मला ती पूर्ण झाकलेली दिसत होती. एका सहकाऱ्याला तपासायला पाठवली, तर त्यांनी फोनमध्येच चित्राचा उजेड आणि सावल्या वाढवून दोन फोन क्रमांक मला परत वाचून दाखवले. मार्करची शाई किंचित पारदर्शक असते. कितीही हात फिरवले तरी खालच्या अक्षरांचा बारीक फरक शिल्लक राहतो आणि डोळ्याला न दिसणारा तो फरक उजेड वाढवला की वर येतो. हायलायटर तर त्यासाठी मुळीच नाही. अस्पष्ट करणे किंवा चौकोनी ठिपक्यांत फोडणे हेही भरवशाचे नाही, कारण क्रमांकासारख्या आखीव मजकुराचे मूळ अंक अंदाजाने जुळवून काढता येतात.

मग अपारदर्शक आयत वापरायचे ठरवले. तिथेही सावध राहावे लागते. स्लाइडमध्ये चित्रावर आयत ठेवला आणि तीच फाइल पाठवली, तर कोणीही तो आयत उचलून बाजूला करू शकतो. पीडीएफमध्ये मजकुरावर नुसता काळा आयत टाकला, तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. स्लाइडमध्ये चित्र कापले तरी अनेकदा कापलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो आणि केवळ दिसत नाही. म्हणून झाकणे व कापणे हे चित्राच्या पातळीवरच करून नवी, सपाट प्रत साठवायची आणि स्लाइडमध्ये तीच घ्यायची.

कापलेल्या चित्राबद्दल २०२३ मध्ये उघड झालेला एक दोष सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. गूगल पिक्सेल फोनवरील मार्कअपमध्ये कापलेला स्क्रीनशॉट साठवताना जुन्या फाइलचा उरलेला भाग पुसला जात नव्हता, त्यामुळे कापून टाकलेले चित्र काही अंशी परत मिळवता येत होते. त्या दोषाला ‘एक्रोपॅलिप्स’ असे नाव पडले. मार्च २०२३ च्या सुरक्षा अद्यतनात तो दुरुस्त झाला आणि त्याच सुमारास विंडोज ११ च्या स्निपिंग टूल या स्क्रीनशॉट घेण्याच्या साधनातही तसाच दोष सापडून सुधारला गेला. पण दुरुस्तीपूर्वी पाठवल्या गेलेल्या चित्रांना तिचा उपयोग नाही. आयफोनमध्ये फोटोवर केलेले बदल मूळ चित्राकडे परत नेता येतात ही चांगली सोय आहे. मात्र एअरड्रॉपने (ॲपल उपकरणांतील बिनतारी देवाणघेवाणीच्या सोयीने) पाठवताना फोटोची सर्व माहिती देण्याचा पर्याय चालू असेल, तर मूळ चित्रही पलीकडे पोहोचते.

एवढे वाचून-तपासून झाल्यावर मी झाकाझाकीचा नाद सोडला. सरावाच्या खात्यात अडचण का येते ते शोधले. साहित्य आधी ‘बाहेर दिले’ असे नोंदवल्याशिवाय परत घेण्याची स्क्रीन उघडतच नाही, इतके साधे कारण होते. २० मिनिटांत चारही चित्रे नव्याने घेतली आणि ३ जूनची सगळी ६१ चित्रे फोनमधून व ‘नुकत्याच हटवलेल्या’ भागातूनही काढून टाकली. ज्या चित्रात खासगी माहिती मुळातच नाही, त्यातून ती बाहेर पडण्याची भीतीही नाही.

वेळ: पाच तास.

१४ जून

सभागृह तासाभरासाठी मोकळे मिळाले, म्हणून १८ स्लाइड पडद्यावर टाकून पाहिल्या. मी टॅबलेटपाशी उभी होते तोवर सगळे छान दिसत होते. शेवटच्या रांगेत जाऊन बसले, तर बटणांवरचे एक अक्षरही वाचता आले नाही.

हिशेब केल्यावर कारण कळले. माझ्या फोनचा स्क्रीनशॉट १०८० बाय २४०० पिक्सेलचा आहे. स्लाइड १९२० बाय १०८०. उभे चित्र पूर्ण मावायचे तर त्याची उंची २४०० वरून १०८० वर येते, म्हणजे सगळे ४५ टक्क्यांवर आकसते आणि रुंदी ४८६ पिक्सेल उरते. पडद्याचा जेमतेम चौथा हिस्सा वापरला जातो व बाकीचे तीन हिस्से रिकामे राहतात. फोनवर ४० पिक्सेल उंच असलेले अक्षर स्लाइडवर १८ पिक्सेलचे होते.

तीन उपाय केले. पहिला, पूर्ण फोन प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एकदाच दाखवायचा, म्हणजे ‘आपण कुठे आहोत’ ते कळते. त्यानंतर लागणारा भाग कापून मोठा करायचा. त्याच स्क्रीनची १०८० बाय ८०० ची पट्टी घेतली, तर ती १४५८ पिक्सेल रुंद होऊन पडद्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग भरते. दुसरा, फोनमधील अक्षरांचा आणि डिस्प्लेचा आकार वाढवून चित्रे पुन्हा घ्यायची. त्यामुळे ॲप स्वतःच मोठी बटणे मांडते आणि चित्र ताणावे लागत नाही. तिसरा, ॲपची गडद मांडणी बंद करायची, कारण दिवे चालू असलेल्या खोलीत प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी होतो आणि त्यावरची पांढरी अक्षरे फिकी पडतात.

एका स्लाइडवर एकच टप्पा ठेवल्याने स्लाइड १८ वरून ४१ झाल्या. संख्या पाहून एकाने नापसंती दाखवली. मला मात्र दोन सेकंदांत समजणाऱ्या ४१ स्लाइड, डोळे ताणून वाचाव्या लागणाऱ्या १८ स्लाइडपेक्षा कितीतरी बऱ्या वाटतात.

सभागृह पुन्हा मिळणार नव्हते, म्हणून घरी तपासायची एक रीत शोधली. पडदा दोन मीटर रुंद आणि शेवटची रांग १२ मीटरवर, म्हणजे अंतर रुंदीच्या सहापट. माझ्या टॅबलेटची आडवी स्क्रीन २० सेंटिमीटर रुंद आहे. तिच्या सहापट म्हणजे १२० सेंटिमीटर. टॅबलेट टेबलावर उभा ठेवून तेवढ्या अंतरावरून जे वाचता येत नाही, ते शेवटच्या रांगेलाही वाचता येणार नाही. ३ जूनला, एकही चित्र घेण्याआधी हे अंतर मोजले असते, तर चित्रे तीनदा घ्यावी लागली नसती.

वेळ: सभागृहात एक तास, नंतर सात तास.

१७ जून

जोडणीचा दिवस. टॅबलेट हातात घेऊन फिरत शिकवता यावे म्हणून बिनतारी जोडणीचा हट्ट धरला होता. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर टॅबलेट आणि पडद्यामागचे उपकरण दोन्ही जोडलेले असूनही एकमेकांना दिसत नव्हते. अशा जाळ्यात सुरक्षेसाठी एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशी व्यवस्था केलेली असते, हे माहीत नसल्यामुळे मी दीड तास पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहिले. त्याखेरीज एअरप्ले, मिराकास्ट आणि गूगल कास्ट या तीन निरनिराळ्या पद्धती आहेत. उपकरणावर ‘वायरलेस डिस्प्ले’ असे लिहिलेले असले म्हणून ते आपल्या टॅबलेटशी बोलेलच असे नाही.

केबलवर आले. इथे दुसरी चूक झाली. फोनला आणि टॅबलेटला दोन्हींना यूएसबी-सीचे तोंड आहे, म्हणून एचडीएमआयचा एकच ॲडॅप्टर दोघांना चालेल असे मी धरून चालले होते. टॅबलेटवर चित्र लगेच आले, फोनवर काहीच आले नाही. तोंडाचा आकार सारखा असला तरी त्यातून चित्र बाहेर पाठवण्याची क्षमता प्रत्येक फोनमध्ये नसते. वैशिष्ट्यांत ‘डिस्प्लेपोर्ट’ असा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे. ॲडॅप्टरने एकुलते एक तोंड अडवल्याने चार्जिंगही बंद झाले, म्हणून चार्जरची जागा असलेला दुसरा ॲडॅप्टर मागून आणावा लागला.

टॅबलेटची स्क्रीन जशीच्या तशी पडद्यावर दाखवली, तर ४:३ चे चित्र १९२० ऐवजी १४४० पिक्सेल रुंदीतच बसते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. सादरीकरणाच्या ॲपमध्ये ‘सादर करा’ सुरू केल्यावर मात्र पडद्यावर पूर्ण १६:९ स्लाइड गेली आणि टॅबलेटवर पुढची स्लाइड व माझी टिपणे दिसू लागली.

फोनवरून थेट प्रात्यक्षिक दाखवण्याचा बेत सोडून दिला. त्याऐवजी फोनवर रेकॉर्डिंग केले. अँड्रॉइड ११ पासूनच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये बोटाचा स्पर्श ठिपक्याच्या रूपात दाखवण्याची सोय आहे आणि तिच्याशिवाय असे रेकॉर्डिंग शिकणाऱ्याला जादूसारखे भासते. बटणे आपोआप दाबली जाताना दिसतात. २० सेकंदांचे तीन तुकडे केले.

वेळ: चार तास, त्यांतले अडीच वाया.

१९ जून

टॅबलेट ऐन वेळी बिघडला तर असावे म्हणून तीच फाइल सभागृहातील संगणकावर उघडून पाहिली. ओळी चौकटीबाहेर गेल्या आणि निम्म्या बाणांचा नेम चुकला. कारण फॉन्ट. ॲपल उपकरणांवर देवनागरीसाठी कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो आणि विंडोजवर निर्मला, असे वेगवेगळे फॉन्ट भेटतात. त्यांची अक्षरे सारख्या रुंदीची नसतात, म्हणून एकाकडे एका ओळीत मावलेले वाक्य दुसरीकडे दोन ओळी घेते. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाने उमटतात. त्यामुळे वाचन अडत नाही, पण पडद्यावर मोठ्या आकारात ते मला खुपते. एका सहकाऱ्याने दिलेला परिच्छेद जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला होता. टॅबलेटवर तो निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला आणि पुन्हा टाइप करण्यावाचून पर्याय राहिला नाही.

राखीव प्रत म्हणून पीडीएफ केली. त्यात फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे मांडणी हलली नाही. रेकॉर्डिंगचे तुकडे त्यात चालत नाहीत, म्हणून ते वेगळे ठेवले.

वेळ: तीन तास.

२२ जून

पहिले सत्र झाले. पाऊण तासाचे ठरले होते, प्रत्यक्षात ७० मिनिटे लागली. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवायला विसरले होते; एका प्रश्नाचे उत्तर देताना मी टॅबलेट खाली ठेवला आणि स्लाइडच्या बाहेर आल्यामुळे तो झोपी गेला, पडदाही काळा झाला. ‘व्यत्यय नको’ चालू असूनही रोजचा गजर वाजला, कारण त्या सोयीने गजर सहसा थांबत नाही. पुढच्या सत्राच्या यादीत दोन्ही गोष्टी लिहिल्या, आणि फिरवल्यावर स्क्रीन वळू नये म्हणून लावायचे कुलूपही.

चांगली गोष्ट अशी की स्लाइड चालू असताना स्टायलसने तिच्यावरच खूण करण्याची सोय अपेक्षेपेक्षा फार उपयोगी पडली. ‘प्रमाण’ आणि ‘एकक’ हे दोन रकाने शेजारी असल्याने अनेकांचा गोंधळ होत होता. तिथे मी बोलता बोलता दोन्हींभोवती रेघ ओढली आणि आधी ठरवून काढलेल्या कोणत्याही बाणापेक्षा तिने जास्त काम केले. ती स्लाइड मी लगेच बदलून घेतली.

२५ जून

पुस्तिका पाठवली. पहिली प्रत गप्पांच्या ॲपमधून चित्रे म्हणून गेली आणि अक्षरांच्या कडा धुरकट झाल्या. असे ॲप चित्र लहान करून जेपीईजीमध्ये बदलते. ती पद्धत छायाचित्राला शोभते, बारीक अक्षरांच्या कडांभोवती मात्र डाग पाडते. स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच ठेवावेत आणि पाठवताना ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवावेत.

पीडीएफची पाने आधी छापील आकाराची होती. फोनवर प्रत्येक पान बोटांनी मोठे करत वाचावे लागे, म्हणून पान उभे, फोनच्याच प्रमाणात केले: वर चित्र, खाली आकड्यांनुसार मोठ्या अक्षरांत कृती. कृती मजकूर म्हणूनच ठेवल्याने ती शोधता येते आणि दृष्टी अधू असलेल्या एका सहकाऱ्यांना फोनकडून वाचून घेता येते; चित्रातच अक्षरे कोरली असती, तर त्यांच्या वाट्याला काहीच आले नसते. चित्रांची रुंदी कमी केल्यावर फाइल ३८ एमबीवरून ६ एमबीवर आली. काळ्या-पांढऱ्या छपाईत बाणाचा रंग गेला, आकडे टिकले.

वेळ: चार तास.

९ जुलै

ॲपची नवी आवृत्ती आली आणि ‘साहित्य बाहेर देणे’ या कामातील बटण खालून वर गेले. कागदावरची यादी काढून एकेक स्क्रीन ताडून पाहिली. ३४ पैकी सात बदलल्या होत्या. सरावाचे खाते, वाढवलेले अक्षर आणि डेमो मोड ही तयारी जशीच्या तशी होती, त्यामुळे सातही चित्रे ‘आ२’ या नावाने घेऊन स्लाइडमध्ये बदलली व बाण सरकवले. सादरीकरण आणि पुस्तिका दोन्हींना मिळून एक तास ५० मिनिटे लागली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आता ॲपच्या आवृत्तीचा क्रमांक लिहिला आहे. नववे पान मात्र चुकले: चित्र नवे आणि बाण जुन्याच जागी. एका सहकारी बाईंनी ते दाखवून दिले आणि दुरुस्त प्रत त्याच संध्याकाळी सगळ्यांना गेली.